आमची चुंबकाची चाकरी

पोटासाठी आपण काय करता, असा प्रश्न कोणी विचारला म्हणजे वकील, वैद्य, शिक्षक ही मंडळी एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतात. आमची मात्र पंचाईत होते. 'आम्ही एका चुंबकाला वीज देतो आणि काही तासांनी ती परत काढून घेतो' हेच आमच्या चाकरीचे खरे वर्णन. परंतु ते ऐकून विचारणाराच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते ती आम्हांस पाहवत नाही. एका लग्नात एका वयोवृद्ध गृहस्थांनी हे उत्तर ऐकून विचारले, "म्हणजे वीज खात्यात का?" आम्ही "होय" म्हटले. त्यांचे समाधान झाले आणि पुढची पंगत बसेपर्यंत त्यांनी आपल्या घरच्या मीटरचे गाऱ्हाणे आम्हांस ऐकविले.

यंदा शाळेच्या वार्षिकासाठी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या व्यवसायाविषयी लिहावे, असे संपादक-शिक्षकांचे पत्र आले, तेव्हा प्रथम नकार कळवावा असेच वाटले. आमच्या कामातले निम्मे शब्द इंग्रजी, आणि उरलेले हैद्राबादच्या दखनी-तेलुगू मिश्रणातले. मराठीत ते सांगावे कसे? पण मग आठवण झाली की, याच शहरात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी ही सारी शास्त्रे उर्दूतून शिकविली जात होती. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खातेच उघडलेले होते आणि त्या खात्यातील पंडितांनी पारिभाषिक शब्द घडविण्यात वर्षानुवर्षे घालविली. १९४८ नंतर तो प्रयोग संपला. पण तीस वर्षे तो चालला, ही काही लहान गोष्ट नव्हे. तेव्हा एका लेखापुरती मराठी आमच्या चुंबकाला पेलेल, असे म्हणून आम्ही लेखणी हाती घेतली. 'पॉवर सप्लाय' हा शब्द मात्र आहे तसाच ठेवीत आहोत. त्याला 'विद्युत्प्रदायक' म्हणता येईल; पण तसे म्हटले तर आमच्याच प्रयोगशाळेत आम्हांस कोणी ओळखणार नाही.

आमचे चुंबक म्हणजे नालाच्या आकाराचे, टोकांना लाल रंग दिलेले लोखंड नव्हे. त्यात लोखंड जवळजवळ नाहीच. नायोबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची केसासारखी बारीक सूत्रे तांब्यात गुंफून केलेली तार, आणि त्या तारेचे हजारो वेढ्यांचे एक वेटोळे; ते वेटोळे एका उंच, चकचकीत, पिंपासारख्या पात्रात द्रव हेलियममध्ये बुडविलेले. द्रव हेलियमचे उष्णतामान शून्याखाली २६९ अंश. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस अंशांवर गेलेला असावा, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत असावे, आणि आत आमच्यापासून हातभर अंतरावर, पात्राच्या दोन भिंतींमधल्या निर्वाताच्या पलीकडे, विश्वातील अत्यंत थंड पदार्थांपैकी एक पदार्थ मंद मंद उकळत असावा, याचे नवल आम्हांस इतक्या वर्षांनीही ओसरलेले नाही. होय, उकळतच असतो. हेलियमला उकळायला तेवढी उष्णता पुरते.

या हेलियमशी आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला येऊन राहिला होता. ग्रहणकाळी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्या दिवशी जी पिवळी रेषा दिसली, ती त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याची नव्हती. कोकणात विजयदुर्गच्या किल्ल्यावरूनही हेच ग्रहण पाहिले गेले, आणि तेथील 'साहेबाचे ओटे' आजही प्रवाशांना दाखवितात. लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ त्या ओट्यांवर उभा होता, असे तिकडे सांगण्याची चाल आहे. कथा गोड आहे, पण लॉकियरने ती रेषा इंग्लंडातच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पाहिली. सूर्यावर सापडलेले हे द्रव्य पृथ्वीवर रॅम्झेच्या हाती लागले ते १८९५ साली. आणि त्याचा द्रव करण्यात हॉलंडातील लायडनच्या कामरलिंग ओनेस याला यश आले ते १० जुलै १९०८ रोजी. हैद्राबादकरांना ते वर्ष निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २८ तारखेला मुसा नदीने अर्धे शहर धुऊन नेले.

तीन वर्षांनी, १९११ साली, ओनेसने पारा त्या द्रव हेलियममध्ये थंड केला आणि पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला पाहिला. कमी झाला नव्हता, उरलाच नव्हता. या गुणाला अतिसंवाहकता म्हणतात. रोध नाही म्हणजे वीज वाहताना तार तापत नाही. तार तापत नाही म्हणजे वाटेल तेवढा प्रवाह सोडून वाटेल तेवढे बलवान चुंबक करता येईल, असे ओनेसला वाटले. परंतु त्याने वापरलेले धातू अल्पशा चुंबकीय क्षेत्रातच तो गुण टाकून देत. मोठी क्षेत्रे सोसणाऱ्या मिश्रधातूंचा शोध लागून खरी चुंबके होण्यास १९६०च्या दशकाची वाट पाहावी लागली. आज मोठ्या रुग्णालयांतून रुग्णाला ज्या बोगद्यात निजवून एम.आर.आय. काढतात, त्या बोगद्याच्या भिंतीत बहुधा असेच वेटोळे असते. आमचे चुंबक त्याहून आकाराने लहान, पण बलाने मोठे: ९ टेस्ला, म्हणजे हैद्राबादेतील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दोन लक्षपट.

आता आमच्या खऱ्या सोबत्याकडे वळू. पॉवर सप्लाय ही दिसायला अगदीच साधी पेटी आहे. पुढे दोन आकडे, एक अँपिअरचा, एक व्होल्टचा, काही बटणे, मागे अंगठ्याएवढ्या जाड दोन तारा. ९ टेस्लासाठी या तारांतून ९० अँपिअर जावे लागतात. घरातला छताचा पंखा अर्धा अँपिअरही खात नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. परंतु व्होल्ट किती? एक. कधी कधी त्याहूनही कमी. टॉर्चच्या एका सेलचा दाबही याहून जास्त असतो. नवा विद्यार्थी हे पाहून हसतो. मग आम्ही त्याला विचारतो, वेटोळ्याला रोध नाही, तर हा एक व्होल्ट तरी कशाला लागतो? उत्तर असे की, वेटोळ्याला प्रवाहाचे वावडे नाही, प्रवाहातील बदलाचे वावडे आहे. प्रवाह वाढवू लागा, ते अडविते. कमी करू लागा, ते धरून ठेवू पाहते. या हट्टाला शास्त्रात प्रवर्तकत्व म्हणतात. आमच्या वेटोळ्याचे ते सुमारे १० हेन्री आहे. म्हणजे सेकंदाला अँपिअरचा दहावा भाग या गतीने प्रवाह वाढवायचा तर एक व्होल्ट लावावा लागतो. त्या गतीने ७० अँपिअरपर्यंत जायचे, पुढे गती निम्मी करायची. सारा चढ वीस मिनिटांच्या आत होतो. त्या वेळात चालक काय करतो? काही नाही. आकड्यांकडे पाहत बसतो. पण हे पाहत बसणेच आमचे काम आहे. व्होल्टचा आकडा एकवर स्थिर असावा. तो कारणावाचून हलला, तर वेटोळ्याच्या पोटात काहीतरी बिघडू लागले आहे असे समजावे.

काय बिघडते ते सांगतो. तारेचा एखादा वेढा चुंबकाच्याच ओढीने केसभर सरकला, किंवा हेलियमची पातळी खाली जाऊन वेटोळ्याचा माथा उघडा पडला, की तेवढाच तुकडा किंचित तापतो. तापला की त्याची अतिसंवाहकता जाते. ती गेली की रोध येतो, रोध आला की ९० अँपिअर त्याला आणखी तापवितात, शेजारचा वेढा तापतो, मग त्याच्या शेजारचा. काही सेकंदांत सारे वेटोळे साध्या तारेसारखे होते आणि त्यात साठविलेली सर्व ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. याला क्वेंच म्हणतात. आमच्या चुंबकातील ऊर्जा सुमारे ४० हजार ज्यूल. ही ऊर्जा फार वाटते. पण हिशोब करून पाहा, तेवढ्या उष्णतेत इराणी हॉटेलातल्या एका पेल्याइतके पाणी जेमतेम उकळेल. त्याच एका पेल्याच्या उष्णतेत पंधरा लिटर द्रव हेलियमची वाफ होते, आणि एका लिटरचा सातशे लिटरांहून अधिक वायू होतो. म्हणजे क्षणार्धात दहा हजार लिटरांवर वायू. सुरक्षा-झडप उघडते, शिट्टीसारखा आवाज होतो, पांढरा ढग छताला भिडतो. तो विषारी नसतो. पण खोलीतला प्राणवायू हुसकावून लावतो, म्हणून दार उघडून प्रथम बाहेर पडायचे, हेलियमसाठी हळहळायचे ते मग. हळहळ होतेच. हेलियम आपल्या देशात बाहेरून येतो. २०१७ साली आखाती देशांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी श्वास रोखला.

साठविलेली शक्ती हळूहळू सोडली तर कामाची आणि एकदम सुटली तर घाताची, हे मराठी माणसाला चुंबक न पाहताही कळते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. पाणी ठराविक पातळीवर चढले की कोणी न सांगता ते उघडत. मुसेच्या पुरानंतर निजाम सरकारने हैद्राबादला बोलावून घेतले तेही याच विश्वेश्वरय्यांना, आणि त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय १९२० आणि १९२७ साली पुरे झाले. आमच्या पॉवर सप्लायमध्येही असे दरवाजे आहेत. वीज अचानक गेली तर चुंबकातील प्रवाहाला वाट मिळावी म्हणून आत डायोड बसविलेले असतात, आणि त्यांच्यातून तो आपल्या गतीने ओसरतो. तारा मात्र कधीही ओढून काढायच्या नाहीत. वेटोळ्याचा हट्ट तेव्हा हजारो व्होल्टच्या ठिणगीतून प्रकट होतो. दरवाजे असले म्हणजे सारे निर्धास्त झाले, असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि खालचे खडकवासलेही टिकले नाही, हे पुणेकर अजून विसरलेले नाहीत.

चुंबकांच्या जगातले पानशेत १९ सप्टेंबर २००८ रोजी झाले. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर सर्न या संस्थेचा जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा प्रवेगक आहे. त्यात पंधरा-पंधरा मीटर लांबीची १,२३२ अतिसंवाहक चुंबके, कणांचा मार्ग वळविण्यासाठी एकामागे एक जोडलेली आहेत. त्या दिवशी प्रवाह चढवीत असताना, तो ८,७०० अँपिअरच्या आसपास असता, दोन चुंबकांमधला तारेचा एक सांधा निकामी झाला. ठिणगीने हेलियमचे पात्र भेदले, सुमारे सहा टन हेलियम गेला आणि त्रेपन्न चुंबके दुरुस्तीसाठी वर काढावी लागली. यंत्र पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. दोष चुंबकांचा नव्हता, एका सांध्याचा होता. या प्रचंड यंत्रात भारताचाही वाटा आहे: काही लहान अतिसंवाहक चुंबके, चुंबके उचलून जागेवर बसविणारे जॅक, आणि क्वेंचच्या वेळी वेटोळे सर्वत्र सारखे तापवून ते वाचविणारे हजारो पॉवर सप्लाय येथून गेले. आणि आमच्या हैद्राबादेत, डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने १९६७ साली सुरू झालेल्या ईसीआयएल या कारखान्यात, जर्मनीत डार्मश्टाट येथे उभारल्या जाणाऱ्या फेअर या प्रवेगकाच्या चुंबकांसाठी पॉवर कन्व्हर्टर तयार झाले. ते आमच्या पेटीचे थोरले भाऊबंद होत. नाव सांगायला लाजू नये असे काही शेजारी असतात, त्यांतले हे.

आता या चाकरीतली सर्वांत विलक्षण गोष्ट. रोध नसलेल्या वेटोळ्याची दोन टोके एकमेकांस जोडली तर आतला प्रवाह कोणी न ढकलता फिरतच राहतो. आमच्या वेटोळ्याच्या टोकांमध्ये अतिसंवाहक तारेचा एक लहानसा तुकडा आहे. त्याला गुंडाळलेला बारीक हीटर चालू केला की तो तुकडा तापून रोध धरतो, जणू दार बंद होते, आणि पॉवर सप्लायचा प्रवाह वेटोळ्यात जातो. ९० अँपिअर झाले की हीटर बंद करायचा, अर्धे मिनिट थांबायचे, तुकडा थंड होऊन टोके जोडली जातात. मग पॉवर सप्लाय सावकाश शून्यावर आणून बंद केला तरी चालते. आतला प्रवाह फिरत राहतो. सकाळी या, संध्याकाळी या, शहरात अंधार होवो की उजेड, ९ टेस्ला जेथल्या तेथे. येथे पेटीवरचा आकडा शून्य दाखवितो आणि चुंबकात ९० अँपिअर असतात. दोन्ही खरे. त्यांच्यातला दुवा एकच, आणि तो म्हणजे वही. प्रवाह किती, दिशा कोणती, वेळ काय, हे वहीत लिहिलेले असते. प्रवाह काढून घ्यायचा झाला, तर वहीत पाहून आधी पॉवर सप्लाय नेमका तेवढ्यावर चढवायचा आणि मगच हीटर लावायचा. आत ९० आणि बाहेर शून्य असताना हीटर लावला तर काय होते, ते वर सांगितलेच आहे.

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील ही गोष्ट. द्रव हेलियमचे पात्र दुपारी यावयाचे ते आले नाही. सायंकाळी वळवाचा पाऊस कोसळला आणि ते आता उद्याच येणार असा निरोप आला. चुंबक ९ टेस्लावर होते, प्रवाह आत फिरत होता. पातळीचा काटा २० टक्क्यांवर. बारा टक्क्यांखाली वेटोळ्याचा माथा उघडा पडतो. म्हणजे सकाळपर्यंत चुंबक स्वतःच क्वेंच होणार. त्याआधी, रात्रीच, प्रवाह काढून घेतला पाहिजे. खोलीत आम्ही तिघे होतो: आम्ही, ज्यांना सारी प्रयोगशाळा अण्णा म्हणते ते आमचे जुने तंत्रज्ञ, आणि एक संशोधक विद्यार्थिनी. आत थंडाव्यात टांगलेला नमुना तिचा होता. त्याच्या चार तारा तिने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या हाताने चिकटविल्या होत्या आणि सहा आठवड्यांची मापने त्याच्यावर उभी होती.

एवढ्यात दिवे गेले. जनरेटर चालू व्हायला अर्धा तास लागला. तोपर्यंत चुंबकाला काहीच झाले नव्हते, होणारही नव्हते. दिवे आले, पेटीवर शून्य उमटले. आम्ही वही उघडली. तीत सायंकाळच्या पाळीच्या मुलाने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: '९० अँ., स्थायी, ७-१०.' वेळ होती, आकडा होता. चिन्ह नव्हते.

या प्रयोगात प्रवाह कधी धन, कधी ऋण दिशेने चढवितात. त्या दिवशी तो कोणत्या दिशेने चढविला होता? आमचा पॉवर सप्लाय जुन्या पिढीचा, स्वतः काही लक्षात ठेवीत नाही. संगणकाने क्षेत्राचा केवळ आकडा नोंदविलेला. लिहिणारा मुलगा वडील आजारी असल्याची तार आल्यासारखा, म्हणजे हल्लीच्या भाषेत फोन आल्याबरोबर, सायंकाळच्या गाडीने गावी निघाला होता. गाडी विकाराबादच्या पुढे गेली असावी, त्याचा फोन लागेना. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, बहुधा प्लसच असेल. सकाळी आपण प्लसच करीत होतो." आणि तिचा हात बटणाकडे गेला. अण्णा शांतपणे म्हणाले, "ठैरो अम्मा, जल्दी नक्को." उलट चिन्हाने प्रवाह चढवून हीटर लावला असता तर आत एकीकडे ९०, बाहेरून विरुद्ध ९०, म्हणजे १८० अँपिअरचा फरक एकदम वेटोळ्यावर पडला असता. एकदा हे, एकदा ते, असे करून पाहण्याचीही सोय नाही. जाड तारांतून प्रवाह गेला की त्या तापतात आणि हेलियम अधिकच झपाट्याने उडतो. काटा आता १८ वर होता.

आत काय आहे ते बाहेरून पाहता येत नाही. पण चुंबक लपून राहत नाही. विद्यार्थिनीने आपला मोबाईल काढला, त्यात होकायंत्र असतेच. दोन मीटरांवरून तिने तो धरला, तर पडद्यावर 'फोन आठच्या आकारात फिरवा' अशी विनवणी येऊ लागली. तिने तो फिरविला, पुन्हा विनवणी. फोनला बिचाऱ्याला असे क्षेत्र पाहण्याची सवय नव्हती. तेव्हा अण्णांना कपाटातले एक खोके आठवले. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळांतील मुले आमच्याकडे येतात, त्यांच्यासाठी पट्टीचुंबक, लोखंडाचा कीस आणि चिमुकली होकायंत्रे त्यात ठेवलेली. त्यातले एक, झाकण तडकलेले, पितळी बैठकीचे, त्यांनी उचलले.

आमच्या चुंबकाच्या पुस्तिकेत लिहिले आहे की, धन प्रवाह असता क्षेत्र वर जाते. म्हणजे पात्राचा माथा उत्तर ध्रुवासारखा वागतो. ऋण असता दक्षिण ध्रुवासारखा. मग सहावीच्या पुस्तकातला नियम: विजातीय ध्रुव एकमेकांस ओढतात. वेटोळे पात्राच्या तळाशी असते, म्हणून होकायंत्र त्याच्यापेक्षा पुष्कळ उंच धरायला हवे. आणि फार जवळ नेले तर सुईचेच ध्रुव पालटतील, म्हणून दूरही हवे. अण्णा लाकडी स्टुलावर उभे राहिले, पात्रापासून दोन मीटर. आम्ही खालून बॅटरीचा झोत धरला. सुई थरथरली, अर्धे वर्तुळ फिरली आणि स्थिर झाली. तिचे निळे टोक पात्राकडे होते. निळे टोक कोणते, हे अण्णांनी स्टुलावरून उतरून, बाहेर ओसरीत जाऊन, उत्तरेच्या बाजूच्या भिंतीकडे ते वळते की नाही हे पाहून खात्री करून घेतले. वळत होते. मग पुन्हा स्टुलावर चढले, या वेळी पात्राच्या दुसऱ्या बाजूने. पुन्हा निळे टोक पात्राकडेच.

उत्तर टोक ओढले जाते, म्हणजे माथा दक्षिण. म्हणजे ऋण.

विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिने बटण फिरविले आणि उणे ९०पर्यंत पॉवर सप्लाय चढविला. काटा १६ वर आला होता. हीटर लावायचा तो आम्ही लावला. तुकडा तापायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट आम्ही तिघेही व्होल्टच्या आकड्याकडे पाहत होतो. चिन्ह चुकले असते, तर तो उसळला असता. तो शून्याशेजारी एका शेंड्याने हलला आणि तेथेच राहिला. मग सेकंदाला अँपिअरचा विसावा भाग, या गतीने आम्ही उतरू लागलो. पहिल्या वीस अँपिअरना सात मिनिटे लागली. पुढे गती दुप्पट केली. शून्यावर पोहोचलो तेव्हा काटा १३च्या किंचित वर होता आणि बाहेर पाऊस थांबला होता. अण्णांनी होकायंत्र पुन्हा धरून पाहिले. सुई आता भिंतीकडे, म्हणजे उत्तरेकडे, तोंड करून उभी होती.

हेलियमचे पात्र दुसऱ्या दिवशी साडेदहाला आले. नमुना शाबूत होता; विद्यार्थिनीची उरलेली मापने जूनअखेर पुरी झाली आणि पुढच्या वर्षी तिचा प्रबंधही. गावी गेलेला मुलगा आठ दिवसांनी परत आला, वडील बरे होते. त्याला कोणी बोलले नाही. अण्णांनी फक्त त्याच्यादेखत फूटपट्टी घेतली आणि वहीच्या उरलेल्या प्रत्येक पानावर तांबड्या पेन्सिलीने एक नवा रकाना आखला. त्याच्या माथ्यावर त्यांनी इंग्रजीत काही लिहिले नाही, तेलुगूतही नाही. एक अधिक आणि एक उणे, एवढेच काढले.

होकायंत्र खोक्यात परत गेले नाही. दाराशेजारी, पात्रापासून तीन मीटरांवर, हातभर उंचीच्या लाकडी खुंटावर ते ठेवलेले आहे. खोलीत शिरणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडे पाहतो आणि मग वहीकडे. येत्या विज्ञान दिनी आपल्या शाळेची मुले आली तर त्यांना ते हाताळू देण्यास अण्णांची हरकत नाही. मात्र घड्याळे आणि बँकेची कार्डे सोबतच्या शिक्षकांनी बाहेर ठेवावी.